नाव न घेतलेलं अस्वल

लिहायला बसलो आहे खरा, पण हे आपलं काम नव्हे असं अजूनही वाटतं. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात वडील अंगठा उठवत. थोरल्या भावाला सही करायला फौजेने शिकवलं. कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तिथेही मी मागच्या बाकावर, कोणी काही विचारू नये अशा बेताने बसत असे. अशा माणसाने आठवणी लिहाव्यात आणि चार शहाण्या माणसांनी त्या वाचाव्यात, हा आगाऊपणाच आहे. तरी एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहितो. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांना ते आवडणार नाही.

लढाई चालू होती. मी सांगलीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होतो आणि बोर्डिंगात राहत होतो. भाऊ इटलीत होता, एवढंच आम्हाला माहीत होतं. पाच महिने त्याचं पत्र नव्हतं. आधी दर महिन्याला यायचं. पलटणीतला कोणी लिहिणारा त्याच्याकडून ऐकून लिहायचा आणि खाली भावाची सही असायची, प्रत्येक अक्षर जणू पहारेकऱ्यासारखं ताठ उभं. बोर्डिंगात टपाल आलं की मी उठून जात असे आणि हात हलवत परत येत असे. खोलीतली मुलं तेवढ्यापुरती दुसरीकडे बघत.

नेमक्या त्याच दिवसांत आमच्या संस्कृतच्या सरांना एक कल्पना सुचली. नाताळच्या सुट्टीत प्रत्येकाने एका प्राण्याच्या नावाचा शोध घ्यायचा. नाव कुठून आलं, मूळ अर्थ काय, इतर भाषांत काय म्हणतात. सरांनी टोपी काढून तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि टोपी बाकांवरून फिरली. माझ्या शेजारी सांगलीजवळच्या एका जैन व्यापाऱ्याचा मुलगा बसत असे. त्याला गाय आली. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ध्रुवाकडील पांढरे अस्वल’.

शेजाऱ्याने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “गड्या, बर्फ तरी बघितलंयस का कधी?”

“मिरजेच्या स्टेशनात. सरबतवाल्याकडं.”

“मग झालं की. त्याच्यावर अस्वल बसव आन् लिही.”

मी धीर करून उभा राहिलो. “सर, मला बदलून मिळेल का? गाढव चालेल.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “गाढवाबद्दल तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते कर,” ते म्हणाले. भाऊ कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं, आणि ते शोधायला कोणी सुट्टी दिली नव्हती.

लायब्ररीत बसलो. जाडजूड कोश काढले. आणि जो वैताग सुरू झाला तो पुढे दोन महिने संपला नाही. कारण त्या प्राण्याच्या नावांपैकी एकही नाव सरळ नव्हतं. इंग्रजीतला अस्वलाचा शब्द घेतला, तर त्याचा मूळ अर्थ निघाला ‘तपकिरी’. म्हणजे पांढऱ्या अस्वलाला ते लोक पांढरा तपकिऱ्या म्हणतात. रशियन शब्द पाहिला, तर ‘मध खाणारा’. ज्या जनावराने जन्मात मधमाशी पाहिली नाही त्याला मध खाणारा! शास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये ‘समुद्रातलं अस्वल’ म्हटलं होतं, तेवढंच काय ते समजण्याजोगं. लॅपलँडकडची माणसं त्याला ‘देवाचा कुत्रा’ म्हणतात, नाहीतर ‘केसाळ अंगरख्यातला म्हातारा’. मी पेन्सिल आपटली. एका प्राण्याला अस्वल सोडून बाकी सगळं म्हणून झालं होतं.

सरांकडे गेलो आणि तक्रारच केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “संस्कृतात अस्वलाला काय म्हणतात?”

“ऋक्ष.”

“ग्रीक लोक आर्क्टॉस म्हणत. एकाच मुळाची दोन पोरं. आपल्याकडे सप्तर्षींनाही पूर्वी ऋक्ष म्हणत, त्यांच्याकडेही तेच तारे म्हणजे अस्वल. त्या ताऱ्यांखालचा मुलूख म्हणून उत्तरेच्या बर्फाच्या प्रदेशाला इंग्रजीत अस्वलाचं नाव पडलं. आणि दक्षिणेकडच्या बर्फाला, जिथं एकही अस्वल नाही, नाव पडलं अस्वलाच्या समोरचा मुलूख.”

“पण मग उत्तरेकडच्या लोकांनीच हे जुनं नाव का सोडलं?”

“भीतीनं,” सर म्हणाले. “निदान विद्वान तसं मानतात. ज्याची भीती वाटते त्याचं नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं. म्हणून तपकिऱ्या म्हणायचं, म्हातारा म्हणायचं. आपल्या अस्वल शब्दातही मागे ‘भल्ल’ आहे असं म्हणतात. तो ‘भला’ असेल. खात्री नाही. पण चावणाऱ्याला भला म्हणून ठेवलं तर तेवढंच बरं, नाही का?” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू खेड्यातला आहेस. तुझ्याकडे कशाकशाचं नाव घेत नाहीत ते लिहून आण. ते कोशात मिळणार नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला सांगत होतं की तुझ्या गावात कोशात नसलेलं काहीतरी आहे. मी फुगलो. पुढच्या सगळ्या प्रकारात माझा हा फुगलेपणा मला जास्त टोचतो.

मिरजेला गाडी बदलून रहिमतपूरला उतरलो आणि तिथून चालत गावी गेलो. गुऱ्हाळं सुरू होती. गडीमाणसं पहाटेपासून फडात किंवा चुलवाणावर. घरी आई, वहिनी आणि एक शेरडू. आईने पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, “पत्र आलं का रं तिकडं तुला?” मी नाही म्हणालो. वहिनी चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही, पण फुंकणी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन कामाला लागलो. कामाला लागलो म्हणजे लोकांच्या शिव्या खायला लागलो. नाव घेत नाहीत अशा गोष्टींची नावं विचारत हिंडणारा माणूस गावाला कसा वाटेल, हे मला कॉलेजात सुचलं नव्हतं.

आईला विचारलं, सापाला काय म्हणतेस? तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. “तिन्हीसांजंला कशाला काढतोस त्याला?”

“अगं, सकाळ आहे.”

“मग सांजंला यील.”

बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर ‘लांबडं’ आणि ‘जनावर’ ही दोन नावं मिळाली. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणायचं, दिवा विझवायचा तर त्याला ‘निरोप द्यायचा’, हे तिने न विचारता सांगितलं. माळावरच्या म्हाताऱ्या धनगराकडे गेलो. मेंढरं उचलणाऱ्या लांडग्याला तुम्ही काय म्हणता, असं विचारताच तो कळपाभोवती नजर फिरवून म्हणाला, “हळू बोल की रं. पाव्हना म्हनायचं. काल पाव्हना आला, एक घिऊन गेला. तू कालिजात शिकतुयास न्हवं? मग येवढं ठावं न्हाई?”

मी ते आनंदाने लिहून घेतलं. तिकडे म्हातारा, इकडे पाहुणा. हजारो कोसांवरची दोन माणसं, एकच भीती. रस्त्याने येताना निबंधातली वाक्यं तोंडात घोळवत होतो. मला आठवतं, ‘ही प्रथा भोळी नसून तिच्यात मानवी मनाचे शहाणपण आहे’ असं एक वाक्य मी गुऱ्हाळाजवळ थांबून लिहून ठेवलं.

त्याच दुपारी वहिनी सोप्यात सुपात ज्वारी पाखडत बसली होती. वहिनी माझ्याहून वर्षभराने लहान असेल. लग्नानंतर दोन वर्षांत भावाचा सहवास तिला जेमतेम एका रजेएवढा मिळाला होता. मी वही उघडून समोर बसलो.

“वहिनी, तू कुणाकुणाचं नाव घेत नाहीस?”

“ह्यांचं. मामंजींचं. थोरल्या सासऱ्यांचं. आत्याबाईंचं.”

“का?”

“का म्हंजी? आयुष्य कमी हुतं.”

“कुणाचं?”

“ज्याचं घ्यावं त्याचं. घरात असत्यात तवाबी घेत न्हाईत. आता तर ते लढाईत हाईत. आता कसं घ्यायचं, भावजी?”

“पण उखाण्यात घेतेस की.”

“ते कशातबिशात गुंडाळून घेतलेलं. पूजंला, बायांच्यात. उघडं न्हाई घेत.”

मी लिहीत होतो. तिला बहुधा वाटलं, भावजींना हे फार आवडतंय. तिचा चेहरा जरा खुलला. कित्येक दिवसांत तिच्याशी कोणी एवढं बोललं नसेल.

“मग ह्ये बी लिवा वहीत,” ती म्हणाली. “म्हैना झाला आसंल. फौजंतला कागद घिऊन एक माणूस आला हुता सायकलीवरनं. घरात कुनी न्हाई, आत्याबाई मळ्यात. म्हनला, बाई, तुमचा मानूस फौजंत हाय न्हवं? मी म्हनलं व्हय. म्हनला, नाव सांगा. मी गप. म्हनला, सासऱ्याचं सांगा. मी गप. लय खोदून इचारलं त्यानं. पर मी न्हाई घेतलं.”

मी ‘लय खोदून विचारले’ इथपर्यंत लिहिलं होतं. हात थांबला.

“कुठला माणूस?”

“साताऱ्याच्या हापिसातला म्हनत हुता.”

“कागदात काय होतं?”

“त्यो म्हनला, आधी नाव सांगा, मग वाचतो. आमचा नेम हाय म्हनला. मागं कुठं चुकीच्या घरी वाचला आन् भलत्याच घरात रडारड झाली म्हनं. आपल्या आडनावाची बारा घरं गावात, सगळ्यांची पोरं फौजंत. मी म्हनलं, सांजच्याला या, मानसं येत्यात. त्यो म्हनला, सांजच्याला मला कोरेगावला पोचायचंय. आन् गेला.”

“आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“आत्याबाईंना सांगितलं की. त्या म्हनल्या, बरं केलंस, सरकारी मानसाला नाव कशाला सांगायचं.”

त्या दिवसांत भूमिगतांची धरपकड चालू होती आणि आमच्या भागात कागद घेऊन नावं विचारत फिरणाऱ्याला कोणी सरळ उत्तर देत नसे, हे खरं. पण तेव्हा मला असलं काही समजून घ्यायचं नव्हतं. मी ओरडलो. वही भिरकावली. “अगं, तो त्याचा कागद असेल! जिवंत आहे की नाही ते त्यात असेल! एक नाव, एक नाव तोंडातून निघालं नाही तुझ्या? नाहीतर उखाण्यात तरी घ्यायचंस!”

तिने सूप खाली ठेवलं. “परक्या बाप्यापुढं हुबी ऱ्हाऊन उखाणा घिऊ? मी काय तमाशातली हाय?” आणि मग तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरचं पाणी उतरलेलं मी पाहिलं. ती एवढंच म्हणाली, “मी त्येंच्यासाठीच घेतलं न्हाई, भावजी.”

मी भिरकावलेली वही उचलली. तासाभरापूर्वी हेच मी मानवी मनाचं शहाणपण म्हणून लिहिलं होतं. लॅपलँडच्या माणसाने अस्वलाचं नाव घेतलं नाही तर ते शहाणपण, आणि माझ्या वहिनीने नवऱ्याचं घेतलं नाही तर अडाणीपणा. ‘बरं केलंस’ म्हणणाऱ्या आईवरही चिडलो. आई उलट माझ्यावरच उखडली, “तुझ्या त्या वहीनं आलंय हे. नको त्याची नावं गावभर घेत हिंडलास.”

वडिलांना, म्हणजे आबांना, गुऱ्हाळावर जाऊन सांगितलं. त्यांनी रस ढवळणारा हातातला दांडा दुसऱ्याकडे दिला, हात धुतले आणि पागोटं बांधलं.

साताऱ्याच्या कचेरीत दुपारपर्यंत बसून राहिलो. कारकुनाने वही उलटी-सुलटी केली. “तुमच्या गावचा कागद आला होता. परत गेला.”

“कुठं?”

“जिथून आला तिथं.”

“कुणाबद्दल होता?”

“ते कागदात होतं.”

“कागदात काय होतं?”

“कागद परत गेला म्हणतोय ना? तुमच्या घरच्यांनी नाव सांगितलं असतं तर ही वेळ आली असती का?” तो आबांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलत होता, कारण मी कोट घातला होता. मी इंग्रजीत अर्ज लिहून दिला. आयुष्यातला माझा पहिला इंग्रजी अर्ज. तो त्याने एका ढिगावर ठेवला. वरचं वजन उचललं, अर्ज घातला, वजन परत ठेवलं. तेवढं मात्र तत्परतेने.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, “काय म्हनला?”

“वाट बघा म्हणाला.”

“ती तर बघतूयाच की.”

सुट्टी संपली. मी सांगलीला परत आलो. निबंध लिहून दिला, कारण द्यायचा होता. शहाणपणाचं ते वाक्य काढून टाकलं. वहिनीचा भाग घातला नाही. सरांना निबंध फार आवडला. लांडग्याच्या पाहुण्याबद्दल तर त्यांनी समासात लाल शाईने ‘उत्तम’ लिहिलं आणि वर्गासमोर वाचायला लावलं. मी वाचला. आवाज असा निघत होता की जणू दुसऱ्याचाच निबंध वाचतोय. संपल्यावर टाळ्या वाजल्या. शेजारच्या व्यापाऱ्याच्या मुलाने हात वर केला. तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“नाव घेत नाहीत ते कळलं. पण त्याच्यापायी कधी काही बिघडत नाही का त्यांचं? समजा, एखाद्याला ओरडून सांगायचंय की अस्वल आलं. तेवढ्यात तो अंगरखा, म्हातारा असलं काहीतरी जुळवत बसला, तर?”

वर्ग पुन्हा हसला. सरही हसले आणि माझ्याकडे उत्तरासाठी पाहू लागले. मला सांगता आलं असतं. मी “माहीत नाही” म्हणालो आणि खाली बसलो.

जानेवारी गेला. साताऱ्याहून काही आलं नाही. मी दुसरा अर्ज पाठवला, मग तिसरा. गावाकडून शाळामास्तरांच्या हातचं एक कार्ड आलं. त्यात सगळे खुशाल असून वहिनी एक वेळच जेवते, असं होतं. खुशालीची ही व्याख्या वाचूनही मी चिडलो. त्या काळात मी कशावरही चिडत होतो. बोर्डिंगच्या भाकरीवर, सरांच्या लाल शाईवर, नदीवर धुणं आपटणाऱ्या बायकांच्या आवाजावर. एक कागद कुठल्यातरी ढिगात पडला आहे आणि त्यात माझा भाऊ जिवंत आहे किंवा नाही, यापलीकडे डोक्यात काही जात नव्हतं. सगळ्यात जास्त चीड माझी मलाच येत होती. वहिनीवर ओरडलो होतो आणि तिची समजूत न काढताच निघून आलो होतो.

फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी बोर्डिंगच्या दारात आबा उभे दिसले. ते सांगलीला कधी आले नव्हते. अंगावर रेल्वेच्या कोळशाची काजळी, खांद्यावर घोंगडं. मला पाहताच त्यांनी पहिल्यांदा तेच सांगितलं.

“जित्ता हाय.”

त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि स्वतः खाली बसले. रहिमतपूरच्या बाजारात शेजारच्या गावचा एक शिपाई त्यांना भेटला होता. तो पुण्याच्या लष्करी इस्पितळातून सुटून आला होता. त्यानेच विचारलं, तुमचा मुलगा माझ्या शेजारच्या खाटेवर आहे, तुम्ही येत का नाही? आबा त्याच पावली घरी गेले आणि वहिनीला घेऊन पुण्याची गाडी धरली.

“डावा पाय न्हाई,” आबा म्हणाले. “गुडघ्याखालनं काढला. बाकी धड हाय. तुझी वैनी ऱ्हायली तितंच.”

“पुण्यात कधीपासून आहे?”

“तीन म्हैनं हुतील.”

तीन महिने. रहिमतपूरहून एका गाडीच्या अंतरावर. “मग दुसऱ्याकडून चार ओळी तरी लिहून घ्यायच्या!” माझा आवाज पुन्हा चढला. “त्याला तोंड होतं ना?”

आबांनी बंडीच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. “त्येच्या उशाखाली ह्यो हुता. म्हनला, धाकट्याकडनं वाचून घ्या.”

वरचा मजकूर इंग्रजीत टाइप केलेला होता. जवान पुण्यास दाखल आहे, नातेवाइकांस भेटीस येण्याबद्दल कळवावे. खाली मराठीत शाईने शेरा होता. मी तो मोठ्याने वाचला. ‘समक्ष घरी जाऊन चौकशी केली. घरातील बाईने नाव सांगण्याचे साफ नाकारले. घरची माणसे ओळख देत नाहीत.’

आबांनी कागद माझ्या हातून घेतला आणि पुन्हा चौघडी घातली.

“म्हंजी त्येला वाटलं, पाय गेल्यालं कळलं आन् आमी...” ते थांबले. मग तोंड पुसून म्हणाले, “त्यो शिपाई सांगत हुता. पयल्यांदा दर ऐतवारी, भेटायच्या येळंला, दाराकडं तोंड करून बसायचा. ह्यो कागद कुनी वाचून दावला तवापासनं त्यानं खाट फिरवून घेतली. भिताडाकडं.”